रंग चढल्यावर दिसतं ते

गुजरातीत ज्याला ‘रंगसूत्र’ म्हणतात, त्याला आपण ‘गुणसूत्र’ म्हणतो. माझ्या पहिल्या प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर एक गुजराती सहकारी बसायची. एकाच स्लाइडवर आळीपाळीने डोळा लावून ती रंगसूत्रं मोजायची आणि मी गुणसूत्रं. शब्दांच्या या भांडणात तिची बाजू जास्त खरी होती, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. १८८८ साली जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म वाल्डेयर यांनी ‘क्रोमोसोम’ हा शब्द घडवला, तेव्हा त्यात गुण, वारसा, आईवडील यांपैकी काहीही नव्हतं. ग्रीक ‘क्रोमा’ म्हणजे रंग, ‘सोमा’ म्हणजे शरीर. पेशीच्या पोटातली जी वस्तू रंग पिते, ती. आपल्या मराठी शब्दाने शेवटचा निष्कर्ष आधीच सांगून टाकला आणि तिथवर पोचवणारी पाहण्याची कृती मात्र झाकली. हे पुस्तक त्या कृतीविषयी आहे.

जिवंत पेशी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर जवळजवळ काहीच दिसत नाही. भिंग कमी पडतं असं नाही. पाण्यात काचेचा तुकडा पडावा तशी गत असते. सगळंच पारदर्शक, मग कडा कुठली आणि पोकळी कुठली? १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा क्विनीन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. डांबरापासून रंग काढण्याचा मोठा उद्योग त्यातून उभा राहिला. कापडासाठी निघालेले हे रंग जीवशास्त्रज्ञांनी उचलले. कील विद्यापीठातले वाल्थर फ्लेमिंग सॅलमँडर या प्राण्याच्या डिंभांच्या पेशी रंगवत बसले. सॅलमँडरच का, तर त्याच्या पेशी आणि गुणसूत्रं दोन्ही ऐसपैस. केंद्रकातला जो भाग रंग पकडतो त्याला त्यांनी ‘क्रोमॅटिन’ नाव दिलं, आणि १८८२च्या ग्रंथात पेशीविभाजनाची अशी रेखाटनं छापली की ती आजही वर्गात दाखवता येतात. सूक्ष्मदर्शकाचा फोटो मिळणं इतकं सोपं झाल्यावर हातानं काढलेली ती चित्रं पाहिली की मला थोडी लाज वाटते. ते तासन्‌तास बघत, आम्ही क्लिक करतो.

माणसाच्या पेशी मात्र सॅलमँडरसारख्या उदार नाहीत. त्यांत किती गुणसूत्रं आहेत हे आज शाळेतलं पोरही सांगतं: ४६. पण १९२३ ते १९५६ अशी ३३ वर्षं पाठ्यपुस्तकांतलं उत्तर ४८ होतं. ही गोष्ट मी प्रस्तावनेत सविस्तर सांगणार आहे, कारण या विषयाचं सगळं मर्म तिच्यात आहे.

टेक्सासचे थिओफिलस पेंटर यांच्याकडे मनोरुग्णालयातल्या पुरुषांवर शस्त्रक्रिया करून काढलेलं वृषणाचं ऊतक होतं. ते मेणात बसवायचं, त्याचे पातळ काप घ्यायचे, रंगवायचे आणि मोजायचं. काप घेताना एखादं केंद्रक मधोमध कापलं जाई, एखादं गुणसूत्र दोन कापांत विभागलं जाई, आणि उरलेली एकमेकांवर अशी पडलेली असत की ताटातली शेवई मोजावी. १९२१च्या पहिल्या टिपणात पेंटर यांनी लिहिलं होतं की सर्वांत स्पष्ट पेशींत आपल्याला ४६ मिळाली. पुढे त्यांचा कौल ४८कडे झुकला, १९२३च्या मोठ्या लेखात तो पक्का झाला, आणि त्यानंतर ज्याने मोजलं त्याला बहुतेक ४८च सापडली.

१९५२ साली टेक्सासमध्येच, गॅल्व्हेस्टनला, टी. सी. शू हे तरुण संशोधक मानवी पेशींच्या स्लाइड पाहत होते. रोजच्या गुंत्याऐवजी एके दिवशी त्यांना गुणसूत्रं सुटीसुटी, अंगणात खडे पसरावेत तशी पसरलेली दिसली. त्यांनी पुन्हा तसंच करून पाहिलं, जमेना. एकेक गोष्ट बदलत काही महिने गेले तेव्हा उलगडा झाला: पेशी धुण्याचं क्षारद्रावण बनवताना कुणाचं तरी माप चुकलं होतं आणि ते नेहमीपेक्षा पातळ झालं होतं. पातळ द्रावणातलं पाणी पेशीत शिरतं, पेशी फुगते, आतली गुणसूत्रं एकमेकांपासून दूर होतात. चूक करणारा हात कुणाचा, हे शू यांना कधीच कळलं नाही. मानवी गुणसूत्रशास्त्राचा पाया घालणारी ती व्यक्ती अनामिक राहिली. आणि शू यांनी काय केलं? इतक्या सुंदर पसरलेल्या पेशी समोर असताना त्यांनीही ४८च मोजली.

१९५५च्या वसंतात स्वीडनमधल्या लुंडला हान्सेन-मेलांडर, मेलांडर आणि कुलांडर हे तिघं गर्भाच्या यकृतातल्या पेशी पाहत होते. त्यांना वारंवार ४६ दिसत होती. उरलेली दोन सापडत नाहीत म्हणून त्यांनी ते काम बाजूला ठेवलं! त्याच गावात त्याच वर्षी २२ डिसेंबरला जो हिन चियो यांनी गर्भाच्या फुप्फुसातल्या पेशी पाहिल्या आणि ४६ला ४६ म्हटलं. चियो जावा बेटावर जन्मलेले, महायुद्धात जपानी छावणीत कैद भोगलेले, पेशाने वनस्पतींवर काम करणारे. नोकरी स्पेनमधल्या सारागोसाला. सुटी मिळाली की लुंडला आल्बर्ट लेव्हान यांच्या प्रयोगशाळेत. दोघांनी मिळून २६१ पेशी मोजल्या आणि १९५६ साली ‘हेरेडिटास’ या नियतकालिकात निष्कर्ष छापला. बटाट्यावर हात बसलेल्या माणसाला ४८चं ओझं नव्हतं म्हणून ते सुटले, असं काही जण म्हणतात. मला तेवढ्यावर भागत नाही. त्यांच्या स्लाइड अधिक चांगल्या होत्या. पेशीला विभाजनात अडकवणाऱ्या कोल्चिसिनची मात्रा, फुगवण्याची वेळ, काच हलक्या हाताने दाबून पेशी एका पातळीत आणणं, सगळं नेमकं जमलं होतं. हात तयार असेल तर डोळ्याला खरं बोलायचं धैर्य येतं. आणि एक गंमत: ४८ गुणसूत्रं खरोखरच असतात, चिंपँझीच्या पेशीत. त्याच्याकडे जी दोन वेगळी आहेत ती आपल्या पूर्वजांत कधीतरी जोडली गेली आणि आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र झालं. रंगवल्यावर गुणसूत्रांवर उमटणारे पट्टे जुळवून हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येतं.

म्हणून या पुस्तकात स्लाइड बनवण्याची प्रकरणं स्लाइड पाहण्याच्या प्रकरणांपेक्षा लांब झाली आहेत. संपादकांनी दोनदा विचारलं, कमी करता येतील का. नाही, असं मी दोन्ही वेळा कळवलं.

थोडक्यात सांगते. हिरव्या झाकणाच्या, हेपॅरिन घातलेल्या नळीत रक्त येतं. तांबड्या पेशींना केंद्रकच नसतं, त्यामुळे त्या आपल्या कामाच्या नाहीत. पांढऱ्या पेशींतल्या लिंफोसाइट कामाच्या, पण त्या रक्तात निवांत फिरत असतात, विभागत नाहीत. आणि विभाजनाच्या ऐन मध्यावरच गुणसूत्रं आखडून जाड, वेगवेगळी दिसतात. लिंफोसाइटना जागं करतं राजम्यातलं एक प्रथिन, फायटोहिमॅग्लुटिनिन. अर्धवट शिजलेल्या राजम्याने पोट बिघडतं ते याच प्रथिनामुळे. ते पूर्वी रक्तातल्या तांबड्या पेशी गोळा करून बाजूला काढायला वापरत. १९६०च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या पीटर नॉवेल यांच्या ध्यानात आलं की उरलेल्या पेशी त्याने विभागायला लागतात. त्याआधी मानवी गुणसूत्रं पाहायची तर अस्थिमज्जा किंवा एखादं ऊतक काढावं लागे. राजम्याने ते काम दंडातल्या शिरेपर्यंत आणलं.

३७ अंशांवर ७२ तास कल्चर ठेवलं की शेवटच्या तासाभरात कोल्सेमिड घालायचं. हे कोल्चिसिनचं भावंड. कोल्चिसिन विभाजनाची दोरखंडं उभीच राहू देत नाही, त्यामुळे पेशी नेमक्या हव्या त्या क्षणी अडकून पडते. युरोपात ते कोल्चिकम या कंदापासून मिळालं. आपल्याकडे पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणांवर लालपिवळी फुलं घेऊन चढणारी कळलावी असते, तिच्या कंदात आणि बियांत तेच विष आहे. विद्यार्थ्यांना मी कळलावीचं फूल दाखवते आणि हात धुवायला लावते.

पुढे पेशी पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात फुगवायच्या. शू यांच्या त्या अनामिक चुकीची ही आजची पाककृती. मग तीन भाग मिथेनॉल, एक भाग ॲसेटिक आम्ल अशा मिश्रणात त्या स्थिर करायच्या, आणि पिपेटने ओल्या थंड काचेवर थेंब टाकायचा. हा थेंब म्हणजे सगळ्या कामाचा प्राण. मिश्रण उडून जाताना पेशी पसरते, आणि ते किती वेगाने उडतं यावर पसरणं ठरतं. मुंबईत जुलैमध्ये हवेत इतका ओलावा असतो की काच सुकता सुकत नाही, पेशी फुटून गुणसूत्रं शेजारच्या पेशीत जाऊन बसतात, आणि ४६ची ४४ न्‌ ५० होतात. मे महिन्यात कोरड्या गावी हेच काम केलं तर काच क्षणात सुकते आणि गुणसूत्रं मुठीसारखी आवळलेली राहतात. आता तापमान आणि आर्द्रता सांभाळणाऱ्या पेट्या मिळतात. आम्ही गरम पाण्याच्या पातेल्याच्या वाफेवर काच धरून आणि पंखा बंद करून शिकलो. पावसाळ्यातल्या एका आठवड्यात मी ज्या काचा फेकून दिल्या, त्यांचं दुःख अजून आहे. रक्त एका लहान बाळाचं होतं आणि ते पुन्हा मागावं लागलं.

मग रंग. १९७०पर्यंत रंग सलग बसायचा. गुणसूत्रं दिसायची, पण सगळी एकाच घडणीच्या शेवग्याच्या शेंगांसारखी, लांबी आणि मधल्या चिमट्याची जागा एवढाच फरक. १९६०मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला जमलेल्या तज्ज्ञांनी लांबीप्रमाणे क्रमांक वाटले, तरी सहा ते बारा आणि एक्स यांची सरमिसळ कुणालाच खात्रीने सोडवता येत नव्हती. सर्वांत छोटी दोन, २१ आणि २२, यांचे क्रमांक तर उलटेच लागले. २१ हे खरं तर २२हून छोटं. चूक कळली तोवर पॅरिसच्या जेरोम लजून, मार्थ गोतिए आणि रेमों त्युर्पँ यांनी १९५९मध्ये दाखवलेला डाउन सिंड्रोम ‘ट्रायसोमी २१’, म्हणजे २१चं एक जादा गुणसूत्र, म्हणून जगभर पोचला होता. मग क्रमांकाला हात लावायचा नाही असं ठरलं. (पेशी वाढवून ते जादाचं गुणसूत्र प्रथम पाहणाऱ्या गोतिएबाईंचं नाव कितीतरी वर्षं या गोष्टीत घेतलंच जात नसे.)

स्टॉकहोममध्ये टोर्ब्यॉर्न कास्परसन आणि लोरे झेक यांनी क्विनाक्रिनच्या चमकणाऱ्या रंगाने गुणसूत्रांवर आडवे पट्टे दाखवले, आणि शेंगांना एकाएकी चेहरे आले. पण ती चमक विझत जाते आणि सूक्ष्मदर्शकही वेगळा लागतो. १९७१ साली इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या मरीना सीब्राइट यांनी काचेवरच्या गुणसूत्रांना काही क्षण ट्रिप्सिन चाटवलं आणि मग जिम्सा रंगात बुडवलं. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात मांसमासळी पचवणारं विकर. जिम्सा तर मलेरियाचा परजीवी रक्तात दिसावा म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॅम्बुर्गला तयार झालेला. जर्मन माणूस त्याला ‘गीम्झा’ म्हणेल, आपल्या लॅबमध्ये सगळे ‘जिम्सा’च म्हणतात. पाचक रस आणि मलेरियाचा रंग यांच्या या जोडीवर जगातल्या गुणसूत्र-प्रयोगशाळा अजून चालतात. काळा-पांढरा-काळा, बारकोडसारखे पट्टे उमटतात. काळ्या पट्ट्यांत डीएनएतलं ए-टी जास्त आणि जनुकं विरळ. फिक्या पट्ट्यांत जनुकांची दाटी. हे असंच का होतं, रंग नेमका कशाला धरतो, यावर पन्नास वर्षांनंतरही सगळ्यांचं एकमत नाही.

या पट्ट्यांकडे पाहत बसलं की पुष्कळ काही कळतं. १९ क्रमांकाचं गुणसूत्र फिकं, जनुकांनी गच्च. १३, १८ आणि २१ यांत जनुकं कमी. लिंगगुणसूत्रं सोडली तर जादाचं एक घेऊन बाळ जन्माला येऊ शकतं ते बहुतांशी याच तिघांच्या बाबतीत; बाकीच्यांत गर्भ सहसा टिकत नाही. रंगाची छटा आणि जगणं-मरणं यांचं इतकं थेट नातं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना १९६०मध्ये एका रक्तकर्करोगात २२ आखूड दिसलं, तेव्हा वाटलं की तुकडा हरवला. पट्टे आल्यावर शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३मध्ये दाखवलं की तो नवव्यावर जाऊन बसलाय आणि नवव्याचा तुकडा इकडे आलाय. गुणसूत्रांचे फोटो घरी जेवणाच्या टेबलावर मांडून त्या हे काम करत. मुलं म्हणायची, आई कागदाच्या बाहुल्या खेळतेय. आम्हीही कात्रीने कापून कागदावर चिकटवायचो. खोलीत कुणी शिंकलं की अर्ध्या दिवसाचं काम जमिनीवर.

आता रचनेविषयी एक खबरदारी. शाळेच्या पुस्तकात गुणसूत्र इंग्रजी एक्ससारखं दिसतं. पेशीच्या आयुष्यात तो आकार अगदी थोडा वेळ असतो, आणि इतका ठसठशीत तर आपण तिला अडकवून, फुगवून, आपटून, पचवून, रंगवल्यावर होतो. एरवी ते केंद्रकात सैल धाग्यासारखं पसरलेलं असतं. पहिल्या गुणसूत्रातला डीएनए सरळ ताणला तर साडेआठ सेंटीमीटर भरेल. काचेवर तो सुमारे दहा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बसलेला दिसतो. इतकी घडी कशी घातली जाते हे प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला दिसू शकत नाही. तेलात बुडवलेलं शंभरपटीचं उत्तम भिंगही एका मायक्रोमीटरच्या पाचव्या भागाहून जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवत नाही, आणि डीएनएची जाडी त्याच्या शंभराव्या भागाएवढी. एका पट्ट्यात डीएनएची लाखो अक्षरं सामावतात. त्याहून लहान तुकडा गळाला तर आमच्या अहवालात ‘सामान्य’ असं येतं. तो शब्द वाचणाऱ्या आईवडिलांना हे कुणीतरी समजावून सांगायला हवं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पुढे मजल मारली, पण तिथेही ४८ची गोष्ट पुन्हा घडली. डीएनए प्रथिनांभोवती गुंडाळून आधी मण्यांची माळ, मग ३० नॅनोमीटर जाडीचा पीळदार दोर, मग त्या दोराच्या घड्या, असं चित्र कित्येक दशकं छापलं गेलं. मीही फळ्यावर काढलं आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक नवा रंग वापरला: डीएनएला चिकटणारा, उजेड पडला की भोवती ऑस्मियम धरणारा थर तयार करणारा. तो रंग घातल्यावर पेशीत ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या, वेड्यावाकड्या वळणाऱ्या साखळ्या दिसल्या. नीटस पीळदार दोर कुठेच नव्हता. आधीचा दोर पेशी फोडून बाहेर काढलेल्या नमुन्यांत दिसला होता. तयारी बदलली, चित्र बदललं.

प्रत्येक गुणसूत्राला वेगळा चमकदार रंग देण्याच्या पद्धती आता आहेत, चिपवरच्या तपासण्या आहेत, आणि २०२२मध्ये मानवी जीनोमची ओळ टोकापासून टोकापर्यंत वाचली गेली. सेंट्रोमियरजवळचे, म्हणजे त्या मधल्या चिमट्याजवळचे, जे भाग आम्ही गडद डागांवरून ओळखत होतो, त्यांतली अक्षरं तेव्हा कुठे कळली. मग काच आणि जिम्सा कशाला? दोन गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली असेल आणि काही कमीजास्त झालं नसेल, तर मोजदाद करणाऱ्या चिपला ते कळत नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांत अशी अदलाबदल अधूनमधून सापडते, आणि ती आजही पट्ट्यांवरून, डोळ्याने सापडते. त्या अहवालानंतर घरातलं कुणीतरी विचारतं, ‘दोष कोणाचा?’ गुणसूत्राला दोष नसतो, जागा बदललेली असते, हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की ते वाक्य पुस्तकात तीन ठिकाणी आलं. ते तसंच ठेवलं आहे.

परिभाषेबद्दल एक शब्द. मेटाफेज, सेंट्रोमियर, बँड, कल्चर हे शब्द जसे बोलतो तसेच ठेवले. कोशातले प्रतिशब्द मला माहीत आहेत. पण काचेवर वाकलेल्या कुणाच्याही तोंडून मी ते ऐकलेले नाहीत.

पहिल्या प्रकरणाच्या आधीच्या पानावर एकाच पेशीचं, जिम्साने रंगवलेलं छायाचित्र आहे. त्याखाली मुद्दाम संख्या छापलेली नाही. पुढे जाण्याआधी पेन्सिल घ्या, प्रत्येक गुणसूत्रावर टिंब देत मोजा आणि आलेला आकडा समासात लिहून ठेवा. छायाचित्र ४६चं आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. उत्तर नवव्या प्रकरणात आहे.